कच्चे मडके कोणाला म्हणता?

२०१६ साल सरत असताना उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने आपल्या सुमारे वीस हजार थकबाकीदार शेतकऱ्यांना पत्रे धाडली. थकबाकी भरा, नाही तर तुमच्या दारापुढे मंडप टाकून बसू, बँड लावू, घंटा वाजवू, असा त्या पत्रांचा आशय होता. या वसुलीला नाव दिले होते ‘गांधीगिरी’! सलग दुष्काळाची वर्षे नुकतीच सरली होती. त्याच वर्षीच्या एप्रिलात शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. त्या वेळी प्रसिद्ध झालेला हिशेब असा होता की, या वीस हजार शेतकऱ्यांकडून बँकेला येणे होते १८० कोटी रुपये, आणि तेरणा व तुळजाभवानी या दोन साखर कारखान्यांकडून येणे होते ३५२ कोटी रुपये. कारखान्यांच्या फाटकासमोर बँड वाजल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.

बँड कोणासाठी वाजवायचा, हे बँकेला नेमके ठाऊक होते. घरात सहा माणसे जेवतात, सहाही राबतात. पण सातबाऱ्यावर नाव एकाचे, कर्जाच्या कागदावर सही एकाची आणि म्हणून चारचौघांत जाणारी अब्रूही त्या एकाची. ज्या दारात मुलीच्या लग्नाची वाजंत्री वाजावी म्हणून बापाने कर्ज उचलले, त्याच दारात त्या कर्जापायी वाजंत्री आणून बसविणे, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला ग्रामीण पुरुषाच्या मनाची पुरती जाण होती, हे मान्य केले पाहिजे. सातबारा हे कागदावरचे तारण. लाज हे कागदाबाहेरचे तारण. पहिल्याचा लिलाव करायला कायद्याची अडचण येते, दुसऱ्याचा लिलाव दारात करता येतो. पुरुषांच्या मनावरच्या ओझ्याविषयी समाजवादी साप्ताहिकाच्या या पानावर लिहिण्याचे कारण हेच. हा विषय मानसोपचाराच्या पुस्तकांचा किंवा रविवारच्या पुरवण्यांचा आहे असे समजून तो बाजूला सारणे सोपे आहे. वास्तविक तो मालमत्तेचा, कर्जवसुलीचा आणि सत्तेचा प्रश्न आहे.

ज्या तेरणा नदीचे नाव त्या कारखान्याला आहे, तिच्याच काठी तेर वसले आहे. कारखाना ढोकीला, तेरपासून जवळच; तो अनेक वर्षे बंद राहिला आणि ऊस, नोकरी व थकलेली देणी यांचे काय करायचे हे आसपासच्या गावांना आपापले पाहावे लागले. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेली मोठी पेठ म्हणून त्याचा उल्लेख आहे. इथला माल गाड्यांतून भडोच बंदराला जाई. (दोन हजार वर्षांपूर्वी ज्या गावचे कापड समुद्रापार विकले जात होते, त्या गावच्या शेतकऱ्याला आज सोयाबीनचा हमीभावही मिळत नाही, हे जाता जाता. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात माल त्याहून शेकडो रुपये खाली गेला.) परंतु महाराष्ट्र तेरला ओळखतो तो गोरोबाकाकांमुळे. चैत्र वद्य त्रयोदशी ही त्यांच्या समाधीची तिथी. त्या सुमारास येथे यात्रा भरते, दिंड्या येतात, कीर्तने होतात.

त्या कीर्तनांतून सांगितली जाणारी आख्यायिका सर्वांना पाठ आहे. भजनात तल्लीन झालेले गोरोबा चिखल तुडवीत असताना त्यांचे तान्हे मूल पायाखाली आले. आख्यायिकेत आई टाहो फोडते, संतापते, नवऱ्याला बोल लावते, आणि तेच माणसासारखे आहे. बापाच्या वाट्याला काय येते? तल्लीनता येते, विठ्ठलाची शपथ येते, पुढे शपथ मोडली म्हणून स्वतःचे हात तोडून घेणे येते आणि अखेरीस चमत्कार येतो. हात तोडले ते शपथ मोडली म्हणून. मूल गेले म्हणून नव्हे. समाधी उतरल्यावर त्या कुंभाराने पायाखालच्या चिखलाकडे पाहिले तेव्हा त्याच्या काळजाचे काय झाले, हा प्रश्न सातशे वर्षांच्या कथनपरंपरेला फारसा पडलेला दिसत नाही. भाविकांच्या श्रद्धेला धक्का लावण्याचा येथे हेतू नाही. एवढेच दाखवायचे आहे की, आपल्या समाजाने ज्या पुरुषाला ‘काका’ म्हणून डोक्यावर घेतले, त्याच्याही शोकाला जागा ठेवली नाही.

याच गोरोबांची दुसरी आख्यायिका अधिक बोलकी आहे. संतमेळा जमला असता मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी हाती थापटणे घेतले आणि मडकी पारखावीत तशी एकेका संताची डोकी थापटून पाहिली. सगळ्यांनी मार मुकाट्याने सोसला. नामदेव तेवढे कुरकुरले. निकाल लागला : हे मडके कच्चे. नामदेव रडत विठ्ठलाकडे गेले. अध्यात्माच्या अंगाने या कथेचा अर्थ अहंकार आणि गुरुकृपा असा लावतात, तो लावोत. पण गावगाड्याने तिचा लावलेला व्यावहारिक अर्थ वेगळाच आहे. जो गडी सोसतो आणि आवाज करीत नाही तो पक्का. ज्याच्या तोंडून हूं की चूं निघते तो कच्चा. मुलगा चार-पाच वर्षांचा झाला की घरोघर हे थापटणे बाहेर येते. ‘पोरींसारखा रडतोस काय?’ हा त्याचा पहिला ठोका. पुढचे ठोके शाळेत, तालमीत, बाजारात, सोसायटीच्या कचेरीत बसत राहतात. आणि या परीक्षेत जो नापास झाला त्याचे काय झाले, हे कोणी सांगत नाही : आवाज करणाऱ्या त्या नामदेवाचीच ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातील आत्महत्यांची संख्या १,७०,९२४ आहे. त्यांत पुरुष १,२२,७२४. शेती करणारे म्हणून नोंदलेल्या ५,२०७ जणांत पुरुष ४,९९९. शेतीक्षेत्रातील आत्महत्यांत महाराष्ट्राचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीप्रमाणे २०२३ मध्ये मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांपैकी १७१ एकट्या धाराशिव जिल्ह्यात. यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह मरण पत्करले, तेव्हापासून या विषयावर मोर्चे निघाले, अहवाल लिहिले गेले. आकड्यांची आता कोणाला धास्ती वाटेनाशी झाली आहे. म्हणून आकडे बाजूला ठेवून जे जिवंत आहेत त्यांचा एक दिवस पाहावा. रात्रीची वीज आहे म्हणून हा माणूस रात्री दोनला बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघतो. सकाळी दूध घालून बँकेत जातो आणि त्याच्या मुलाच्या वयाच्या साहेबापुढे टेबलाशी उभा राहतो. खुर्ची असते, बसा म्हणणारे कोणी नसते. दुपारी आडत्याकडे उचल मागतो. संध्याकाळी पुण्याला कंपनीत कंत्राटावर लागलेल्या पोराचा फोन येतो, त्याला ‘इकडं सगळं बरं आहे’ असे सांगतो. जेवताना बायको विचारते, काय झालं बँकेत? तो म्हणतो, ‘होईल.’ या ‘होईल’ मध्ये जे दडपलेले असते, ते रोज उचलून पुन्हा उभे राहण्याला बळ लागते. या बळाची नोंद आपल्या साहित्याने थोडीफार घेतली. राजकारणाने घेतली नाही.

येथे आपल्यातलेच काही जण हरकत घेतील. पोथीनिष्ठ साथी म्हणतील, भावना वगैरे मध्यमवर्गीयांचे चोचले आहेत. शेतमालाला भाव द्या, कर्जमुक्ती द्या, मने आपोआप हलकी होतील. भावाची मागणी रास्तच आहे. स्वामिनाथन आयोगाने २००६ पर्यंत आपले सगळे अहवाल दिले. सर्वंकष उत्पादनखर्चावर दीडपट भाव देण्याची टाळाटाळ आजही चालू आहे, आणि तिच्याविरुद्धचा लढा एक तसूभरही सैल करण्याचे कारण नाही. पण ‘आपोआप’ हा शब्द खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे समाजवाद्यांनीच नव्वद वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या गावातली गिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळपास सगळे गाव बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या समाजवादी विचारांच्या तरुण अभ्यासकांनी १९३१-३२ मध्ये तिथे जाऊन पाहणी केली. खिडकीत बसून त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेगसुद्धा मोजला. बायका पुरुषांच्या सुमारे दीडपट वेगाने चालत होत्या. पुरुष पावलापावलावर थांबत होते, त्यांना कुठे पोहोचायचेच नव्हते. बायकांची नोकरी गेली होती, काम गेले नव्हते. चूल, मुले, शिवण यांनी दिवस भरलेला होता. पुरुषांचे काम गेले आणि त्याबरोबर दिवसाचा आकारही गेला. कामगार वाचनालय फुकट झाले तरी पुस्तके नेणारे कमी झाले. हे सारे भत्त्याच्या आकड्यात दिसणारे नव्हते. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या चाळींच्या गॅलऱ्यांत बसून राहिलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना मारिएनथाल समजावून सांगावे लागणार नाही. ढोकीच्या बंद कारखान्याच्या कामगारांचा असा अभ्यास मराठवाड्यातल्या एखाद्या विद्यापीठ विभागाला करता आला असता.

आणखी एक गोष्ट. एकाच घरात, एकाच कर्जाखाली स्त्री आणि पुरुष दोघेही असतात. स्त्रीवर ओझे कमी असते असे मुळीच नाही. बहुधा अधिकच असते. पण आपल्या संस्कृतीने तिला दुःख बोलण्याची एक रीत दिली होती. जात्यावर बसून ती सासरचा जाच, बापाची आठवण, मेलेले मूल, सगळे ओवीत घालीत असे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी अशा लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्यावरून या बोलण्याचा पसारा ध्यानी यावा. जाते गेले, पिठाची गिरणी आली. पाणवठ्याने आणि पुढे बचतगटाच्या बैठकीने ती जागा थोडीशी भरून काढली. पुरुषाला काय उरले? एके काळी भजन होते. वारीत उराउरी भेटणे, एकमेकांच्या पाया पडणे, देवाला ‘माउली’ म्हणून हाक मारून डोळ्यांतून पाणी काढणे होते. वारकरी पुरुषाला रडण्याची लाज नव्हती, हे मर्दानगीचे झेंडे नाचविणाऱ्यांनी विसरू नये. आता पार उरला आहे, तिथे राजकारण बोलतात. हॉटेल उरले आहे, तिथे भाव बोलतात. आणि दारूचे दुकान उरले आहे. तिथे मात्र काहीही बोलता येते, कारण सकाळी ते बोलणे कोणी हिशेबात धरीत नाही.

दुसरी हरकत स्त्रीमुक्ती चळवळीतील सहकारी घेतील, आणि ती अधिक गंभीर आहे. त्या विचारतील : घरात मार कोण खाते? दारू पिऊन आलेल्याच्या ‘दडपलेल्या भावनां’चा हिशेब कोणाच्या पाठीवर चुकता होतो? पुरुषांच्या दुःखाचे हे गाणे गाऊन तुम्ही त्यांच्या सत्तेवर पांघरूण घालणार काय? शंका अनाठायी नाही. शहरांतून सध्या असे काही गट बोलू लागले आहेत की, ते पुरुषांच्या आत्महत्यांचे आकडे स्त्रियांच्या संरक्षणासाठी केलेल्या कायद्यांविरुद्ध पुरावा म्हणून मिरवितात. या मंडळींचा आणि आपला मार्ग एक नाही. बायकोवर उगारलेल्या हाताला कोणत्याही कर्जाची सबब चालणार नाही. पण म्हणून प्रश्न टाळून चालेल काय? आपण टाळला तर तो त्या मंडळींच्या हाती जाईल, आणि ते त्याचे काय करतील हे दिसतेच आहे.

त्यापेक्षा ज्या सातबाऱ्याने पुरुषाला वाकविले, त्याच सातबाऱ्याने स्त्रीला पुसून टाकले, हे एकदा नीट पाहावे. त्या ५,२०७ शेतकऱ्यांत स्त्रिया २०८ च का? बायका शेती करीत नाहीत म्हणून? पेरणी, खुरपणी, वेचणी, मळणी कोण करते हे तेरच्या कोणत्याही बांधावर उभे राहून पाहावे. जमीन नावावर नाही म्हणून ती ‘शेतकरी’ नाही. तिने जीव दिला तर कागदावर ती ‘गृहिणी’ होते. २०२२ च्या अहवालात अशा गृहिणी २५,३०९ आहेत, त्यांत शेतकरणी किती हे कोणी वेगळे काढलेले नाही. आणि नवरा गेल्यावर? महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये मराठवाडा व विदर्भातील आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा ज्या जमिनीत त्या राबतात ती चाळीस टक्के स्त्रियांच्या नावावर झालेली नव्हती. कर्ज मात्र न सांगता त्यांच्याकडे आलेले असते. म्हणजे पुरुषाला एकट्याने ओझे वाहण्याचा मान, आणि स्त्रीला ते ओझे मागाहून निमूट वाहण्याचा शाप. ज्यांना यांतल्या एकाचेच दुःख दिसते त्यांनी दुसऱ्याचेही पाहिले असे म्हणता येणार नाही.

सरकारची रीत न्यारीच. २००५-०६ च्या शासन निर्णयांनी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना एक लाखाची मदत ठरली : तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. तीसाठी जमीन नावावर हवी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, परतफेडीचा तगादा सिद्ध व्हायला हवा. मग समिती बसते आणि मेलेला माणूस ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरविते. बिनपरवाना सावकाराने ज्याला पिळला तो अपात्र. बापाच्या नावावरची शेती कसणारा, बटईने कसणारा, यांची वाट आणखी बिकट. मेला तर पात्र-अपात्र; आणि वाचला तर? २०१८ मध्ये मानसिक आरोग्यसेवा कायदा अमलात येईपर्यंत तो दंड संहितेच्या ३०९ व्या कलमाखाली आरोपी होता. दवाखान्यातल्या खाटेशी डॉक्टरच्या आधी हवालदार येई, अशी ती व्यवस्था होती.

२०१५ मध्ये उस्मानाबाद आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांत ‘बळीराजा चेतना अभियान’ सुरू झाले. त्याच सुमारास दुष्काळी जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आला आणि आशा कार्यकर्तींनी घरोघर जाऊन शेतकऱ्यांना झोप लागते का, भूक लागते का, उदास वाटते का, असे प्रश्न विचारावेत असे ठरले. या उपक्रमांची टिंगल करणे सोपे आहे आणि ती करण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण निदान कोणीतरी दार ठोठावले. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही दूरध्वनीवरून मानसिक आधार मिळतो. तो क्रमांक प्रत्येक सोसायटीच्या भिंतीवर रंगवायला हरकत नाही. पण ज्याने ही योजना आखली त्याने गाव पाहिले होते काय? आशाताई म्हणजे गावातलीच कोणाची तरी सून. समोर बसलेला माणूस तिचा चुलतसासरा किंवा दीर. डोक्यावरचा पदर सावरून ती विचारणार, ‘मामा, मन उदास राहतं का?’ आणि तो म्हणणार, ‘बरं आहे बाई, चहा घे.’ तिला स्वतःला मानधनासाठी आंदोलने करावी लागतात, तो भाग निराळाच. शिवाय एका हाताने समुपदेशन आणि दुसऱ्या हाताने बँड, हे सहकार खात्याला आणि आरोग्य खात्याला एकाच जिल्ह्यात, अवघ्या दोन वर्षांच्या आत साधले!

‘बळीराजा’ हा शब्द वापरायला कोणाला पैसे पडत नाहीत. ‘पोशिंदा’, ‘खंबीर’, ‘पहाडाच्या छातीचा’ हे शब्दही तसेच. पुरुषाच्या सहनशक्तीचा गौरव हा ती सहनशक्ती वापरून घेणाऱ्यांचा आवडता धंदा आहे. १९७२ च्या दुष्काळात दावणीची जनावरे बाजारात सोडून, मालकीचा अभिमान गिळून हा माणूस बायकोच्या बरोबरीने खडी फोडायला बसला. त्याच्या त्या घामातून रोजगार हमीची कल्पना उभी राहिली आणि पुढे कायदा झाला. खडीवर बसताना त्याला काय वाटले याची नोंद सापडणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या जिल्ह्यातला कोणी विसरलेला नाही. गणपती विसर्जनाची रात्र, तीन वाजून छप्पन्न मिनिटे. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली, आठ हजारांच्या आसपास माणसे मेली. वाचलेल्या पुरुषांनी हातांनी दगड उपसले, आपली आणि शेजाऱ्यांची माणसे काढली आणि पावसात भिजलेल्या लाकडांवर त्यांना एकत्र अग्नी दिला. पुढे घरे मिळाली. जमिनीच्या मानाने कोणाला २५०, कोणाला ४५०, कोणाला ७५० चौरस फूट. मोजमाप चोख झाले. ज्या हातांनी स्वतःची लेकरे ढिगाऱ्यातून काढली त्या हातांना पुढची तीस वर्षे काय काय आठवत राहिले, त्याला मात्र चौरस फुटांचे कोष्टक नव्हते. सास्तूरकडच्या आज सत्तरीत असलेल्या एखाद्या माणसाशेजारी तासभर बसून पाहावे. तो पावसाचे बोलेल, पिकाचे बोलेल. त्या पहाटेविषयी एखादे वाक्य बोलून तंबाखूची पिशवी काढील. हा कणखरपणा खरा आहे. तो कोणी वरून लादलेले सोंग नाही. पण त्याच्यापुढे हात जोडून निघून जाणारा पुढारी आणि त्याच्यावर दया दाखविणारा अधिकारी या दोघांनाही तो बोलू लागला तर नको आहे.

या साप्ताहिकाच्या वाचकांना एक नाव वेगळे सांगण्याची गरज नाही. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये ‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या साने गुरुजींच्या साहित्यावर ‘रडके’ असा शिक्का मारणारे समीक्षक होते, आणि त्यांच्या अश्रूंकडे कौतुकमिश्रित कीव करून पाहणारे राजकीय पंडितही होते. याच ‘रडक्या’ माणसाने १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले आणि शतकांची कवाडे उघडविली. ढाळलेले अश्रू आणि पोलादी निर्धार यांचे वैर असते, ही समजूत मोडायला एवढे उदाहरण पुरेसे आहे. परंतु ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपविले, हेही तितकेच खरे आहे, आणि त्याविषयी बोलताना चळवळीतल्या वक्त्यांचे शब्द आजही चाचरतात. सबंध महाराष्ट्राला आईचे हृदय दाखविणारा माणूस, ज्याच्यावर हजारो तरुणांचे प्रेम होते, तो आतून इतका एकाकी कसा झाला? हा प्रश्न स्मृतिदिनाच्या भाषणांत येत नाही. त्याला हार घालून मोकळे होण्याची रीत पडली आहे. कार्यकर्ता हा दुःख ऐकणारा. त्याचे दुःख ऐकणारा कोण, हे आपल्या संघटनांच्या घटनेत कोठेही लिहिलेले नाही. पंचवीस-तीस वर्षे पूर्णवेळ काम करून, घर भावाच्या जिवावर टाकून, आता साठीत एस.टी.च्या पासावर हिंडणारे किती साथी प्रत्येक जिल्ह्यात आहेत ते शाखांनी मोजावे.

मग करायचे काय? मेळाव्यांतून ‘पुरुषांनो, मोकळे व्हा’ असा उपदेश करण्याची कल्पना कोणी मांडली तर तिला विरोध करावा. उपदेशाने तोंडे उघडत नाहीत. शरमेची शिक्षा काढून घेतली तर उघडतात. शेतकरी संघटनेशी समाजवाद्यांचे मतभेद जगजाहीर आहेत, पण १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर शरद जोशींनी १९८९ च्या सुमारास ‘लक्ष्मी मुक्ती’चा जो कार्यक्रम दिला, त्याला मोकळेपणी दाद दिली पाहिजे. शेतकरी पुरुषांनी आपण होऊन जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करावा असा तो कार्यक्रम होता आणि अनेक गावांतल्या पुरुषांनी तो केला. १९९२ मध्ये सरकारनेही पती-पत्नी दोघांची नावे सातबाऱ्यावर लावण्याविषयी परिपत्रक काढले. पुढे ते तलाठ्यांच्या दप्तरात निजले. ते उठविणे हे आपले काम आहे. दोघांची नावे आली की कर्जाचा निर्णय दोघांचा होतो, बँकेच्या टेबलापुढे दोघे उभे राहतात, आणि ‘होईल’ या एका शब्दावर घरातले बोलणे थांबत नाही. स्त्रीच्या डोक्यावर नवे कर्ज चढेल अशी भीती घालणाऱ्यांना विचारावे की, नवऱ्याच्या तेराव्यानंतर ते कर्ज आजही कोण फेडते?

गोरोबाकाकांची यात्रा बहुधा एप्रिलात येते आणि तिच्या मागोमाग १ मे. त्या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरते. तेरणेच्या खोऱ्यातील पक्षशाखांनी येत्या ग्रामसभांत तीन ठराव मांडावेत. गावातील प्रत्येक खातेदाराने इच्छा दाखविल्यास सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावून देण्यासाठी तलाठ्याने गावातच शिबिर घ्यावे. कोणतीही बँक वा पतसंस्था वसुलीसाठी गावात कोणाच्या दारी मंडप, वाजंत्री किंवा नावांचा फलक लावणार असेल तर ग्रामसभा तिला हद्दीत येऊ देणार नाही. आणि आत्महत्येनंतरच्या मदतीसाठी ‘पात्र-अपात्र’ ठरविणाऱ्या समितीत त्या गावच्या दोन स्त्रिया व दोन भूमिहीन असावेत. ठरावाच्या चर्चेत एखादा म्हातारा उठून भलतेच काही, स्वतःच्या घरचे, बोलू लागला तर अध्यक्षांनी घंटी वाजवू नये.